सोळा कोअर आणि अक्काची खुर्ची

त्या डब्याकडं बघितलं की अजून तोंड फिरवावंसं वाटतं. कॉम्प्युटरचा काळ्या काचेचा डबा आणि आत लाल, निळे, हिरवे दिवे. गणपतीच्या मांडवातसुद्धा कुणी लावणार नाही असले. डिझाइनच्या खोलीत पाऊल टाकलं की समोर तोच. मालकांनी तो मुद्दाम दाराकडं तोंड करून ठेवलाय, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत भरावा म्हणून. मी काम करत असते आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात ती थेरं दिवसभर चाललेली असतात. एकदा मी त्याच्यावर फडकं टाकलं होतं. मालकांनी स्वतःच्या हातानं ते उचललं आणि त्याच फडक्यानं काच पुसली.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींच्या एका कारखान्यात डिझाइन करते. शिकले कॉम्प्युटर इंजिनियरिंग. वर्गातल्या निम्म्या पोरी पुण्याला गेल्या, मी सोलापुरातच राहिले, त्याचं रडगाणं इथं नको. काम असं की कुणीतरी एक चित्र आणून देतं, हॉटेलचं नाव, मोर, देवळाचं शिखर, काहीही. ते मापात बसवायचं, रंग कमी करायचे आणि मग प्रत्येक आडव्या धाग्याला कुठला उभा धागा वर राहील, कुठला खाली, हे ठरवणारी फाईल बनवायची. ती फाईल मागावरच्या जकार्डला, म्हणजे धागे उचलणाऱ्या यंत्राला, दिली की तसं कापड निघतं. निम्मं काम डोळ्याचं आणि हाताचं, निम्मं कॉम्प्युटरचं.

तेव्हा खोलीत चार जुने कॉम्प्युटर होते आणि आम्ही चौघी. दोन तरुण पोरी, मी आणि अक्का. अक्का भवानी पेठेतली, तेलुगू विणकर घरातली. वडील मागावर, आई घरात बसून बिड्या वळायची. जेवढ्या बिड्या तेवढे पैसे, आणि खराब म्हणून बाजूला काढल्या त्यांचे काहीच नाही. त्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी अक्का पहिली. रविवारी सुट्टी असते आणि त्या दिवसाचेही पैसे मिळतात, हे तिच्या आईला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही म्हणे.

अक्का काही जादूगार नव्हती. माझ्याइतकीच चुकायची. जेवण झालं की खुर्चीतच घोरायची, पंखा वाढवला की अंगावर यायची, आणि माऊस बिघडला की त्याला तेलुगूत शिव्या घालायची. पण पगाराच्या दिवशी मोबाईलवर बँकेचा मेसेज आला की तो मला हटकून दाखवायची. "महिन्याच्या महिन्याला येतंय बघ गं," म्हणायची. "कुणाच्या दारात जाऊन उभं ऱ्हावं लागत न्हाय." नवरा बरीच वर्षं घरीच होता, मुलगी नर्सिंगला. घर त्या मेसेजवर चालायचं.

मालकांचं डोकं मागावर चालतं. त्यांच्या आजोबांच्या काळात एक विणकर दोन माग सांभाळायचा. वडलांच्या काळात चार झाले. आता नवे माग आले, एक माणूस ओळीतनं फिरत आठ बघतो. दर पिढीला माणसामागं माग वाढले आणि घर वर गेलं. त्यामुळं जगातल्या कुठल्याही गोष्टीत 'एका माणसाला किती माग' एवढाच प्रश्न त्यांना पडतो. दवाखान्यात गेले तर नर्सला खाटा किती ते मोजून येतील.

असा माणूस पुण्याच्या डीलरच्या हाती लागला. डीलर केसांना तेलासारखं काहीतरी चोपडून आलेला. त्यानं सांगितलं, कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, आणि या नव्या प्रोसेसरमध्ये सोळा कोअर आहेत, म्हणजे सर, एका मेंदूत सोळा मेंदू. झालं. मालकांना सोळा माग दिसले आणि त्यांच्यामधनं फिरणारा एक विणकर.

मला विचारलं होतं, नाही असं नाही. लग्न ठरल्यावर नवरीला विचारतात तसं. मी म्हटलं, "मालक, आपलं सॉफ्टवेअर जुनं आहे. कॉम्प्युटरला एकच कोअर असायचा त्या काळात लिहिलेलं. ते सगळं काम एकाच रांगेत करतं. कोअर कमी घ्या, पण एकेक तगडा घ्या. उरलेल्या पैशात मेमरी वाढवा."

"कमी घ्या म्हणणारं माणूस मी पैल्यांदा बघतोय," मालक म्हणाले आणि डीलर दात काढून हसला. तोंडात मावा होता त्याच्या.

मी पुन्हा सांगायला गेले. चादर खालून वर विणत जातात, एका धाग्यावर दुसरा. एखादा धागा किती लांब सुटा राहिला हे बघायचं तर आधीच्या ओळीत तो कुठं होता ते माहीत पाहिजे. म्हणून आमचं सॉफ्टवेअर पहिली ओळ झाल्याशिवाय दुसरीला हात लावत नाही. तेच काम सोळा कोअरला वाटायचं तर डिझाइनचे सोळा पट्टे करावे लागतील, जोडावर कुणी कुणासाठी थांबायचं ते ठरवावं लागेल, नाहीतर प्रत्येक जोडावर धागे लोंबतील. हे सगळं कुणीतरी बसून लिहावं लागतं. आमचं सॉफ्टवेअर लिहिणारी कंपनी तर कधीच गाशा गुंडाळून गेली होती. पण हे मी सांगत होते कुणाला? पालथ्या घड्यावर पाणी. मालक डीलरला विचारत होते की दिव्यांचे रंग बदलता येतात का.

मशीन आलं त्या दिवशी पूजा. डब्याला हळदकुंकू, वर हार, पुढं नारळ. नारळाचं पाणी डब्यावर शिंपडायला निघाले होते, तेवढं मी हात धरून थांबवलं. कुंकू मात्र पंख्याच्या जाळीतनं आत गेलं ते गेलंच. पाचपन्नास पाहुणे, सगळे टॉवेल-चादरवाले, खोलीत घामाचा आणि अत्तराचा वास. डीलरनं कुठल्याशा लग्नाच्या व्हिडिओची फाईल लहान करायला लावली आणि पडद्यावर एक आलेख उघडला. सोळा चौकोन. सोळाच्या सोळा गच्च भरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी भज्याच्या तेलकट बोटानं पडद्यावर एकेक चौकोन टिचकी मारत मोजला, आणि मोजून झाल्यावर परत एकदा मोजला. व्हिडिओचे तुकडे करून वाटता येतात, ते काम त्यासाठीच लिहिलेलं असतं, म्हणून सगळे कोअर राबत होते. आमच्या डिझाइनचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पेढ्याचे तुकडे कीबोर्डवर पडत होते आणि मी ते वेचत होते.

पाहुणे असतानाच मालक म्हणाले, "आता फुडल्या महिन्यापास्नं हितं एक माणूस बास. सोळा माग हायेत, चालवायला इंजिनेर बाई हाय."

अक्काच्या हातात पेढा होता. तिनं तो खाल्लाही नाही, ठेवलाही नाही. तरुण पोरींपैकी एकीचं लग्न ठरलं होतं, दुसरीला चुलत्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसता येणार होतं. अक्काला कुठं जाता येणार होतं? पन्नाशीला आलेल्या बाईला कोण महिन्याच्या पगारावर ठेवतंय? मालकांना ते माहीत होतं. तिचा नवरा ह्यांच्याच शेडमध्ये राबून घरी बसला होता, तेही माहीत होतं. एवढ्या लोकांसमोर, तोंडात पेढा असताना, हे बोलवतं कसं माणसाला, याचा मला आजही उलगडा होत नाही.

त्या संध्याकाळी मी अक्काला म्हटलं, "थांब. महिना आहे हातात. मी दाखवून देते."

"काय दाखवतीस?" ती म्हणाली. "त्यानं ठरवलं की."

"मशीनच दाखवेल," मी म्हटलं.

आणि मशीननं दाखवायला सुरुवात केलीही. नव्या मशीनवर आमचं डिझाइन जुन्यापेक्षा थोडं लवकर व्हायचं, पण थोडंच. दोन डिझाइनं एकदम उघडावीत म्हटलं तर सॉफ्टवेअर एका मशीनवर एकदाच उघडतं. आणि उघडलं असतं तरी मला डोळे दोनच, हात दोनच. पूर्वी चौघी बसायचो तेव्हा चार डिझाइनं एकाच वेळी पुढं सरकायची. खरा मल्टिकोअर ती खोली होती, आणि हा माणूस तिची वाट लावायला निघाला होता.

वर अजून एक गंमत. गंमत कसली, ओंगळपणा. त्या प्रोसेसरचे सोळा कोअर सारखे नव्हतेच. निम्मे मोठे, जोरकस. निम्मे छोटे, वीज वाचवायला ठेवलेले, हळू चालणारे. डीलरनं हे सांगितलं नाही, आणि त्याला ते माहीत होतं की नाही देव जाणे. मी एखादं मोठं डिझाइन लावलं की मालक पाहुणा घेऊन यायचे. माझ्या खांद्यावरनं हात घालून माऊस घ्यायचे, चालू कामाची खिडकी खाली ढकलायचे आणि तो सोळा चौकोनांचा आलेख उघडायचे. खिडकी खाली गेली की कॉम्प्युटरला वाटतं, या कामाकडं कुणी बघत नाही, घाई नाही. तो ते काम उचलून छोट्या कोअरकडं देऊन टाकतो. म्हणजे हे जितका वेळ तोरा मिरवत उभे राहायचे, तितका वेळ काम रेंगाळायचं. आणि जाताना वर मलाच म्हणायचे, "आज हळू चाललंय की ओ बाई. लक्ष द्या."

मी हे सांगितलं. एकदा नाही, दहादा. "बघू की," म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात खांद्यावरनं.

उन्हाळा तोंडावर होता. मशीन तापायला लागलं. कोअर जास्त म्हणजे उष्णता जास्त, आणि तापलं की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, जळू नये म्हणून. मी डबा उघडला. पंख्यावर शेडमधल्या कापसाच्या तुसाचा जाड थर बसलेला, त्यात कुंकू मुरलेलं, साखरेचे कण, आणि त्या सगळ्याचा मिळून एक लालसर चिकट लगदा झालेला. मी तो चिमट्यानं ओढून काढला. मुंग्या होत्या आत. त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडला नाही.

महिना संपत आला तसं मी ठरवलं, आता पाहुणे नाहीत, आलेख नाही, सरळ पुरावा. मालकांना सकाळी बोलावून घेतलं. अक्काही खोलीत होती, ती आपलं काम करत होती. एका हॉटेलच्या टॉवेलचं मोठं डिझाइन घेतलं आणि आधी सोळाही कोअर चालू ठेवून चालवलं. मोबाईलवर वेळ लावली. मग मशीन बंद केलं, चालू होतानाच्या सेटिंगमध्ये गेले आणि एकेक कोअर बंद करत गेले. छोटे सगळे बंद. मोठ्यांपैकी फक्त दोन ठेवले, एक आमच्या कामाला, एक मशीनच्या बाकीच्या किरकोळ उठाठेवीला. तेच डिझाइन पुन्हा लावलं. मालक पहिल्यांदाच खुर्ची ओढून शांत बसले. मला वाटलं, चला, लागतंय डोक्यात.

वेळ जवळजवळ तेवढीच आली.

"बघा मालक," मी म्हटलं. मला इतकं बरं वाटत होतं की माझा आवाज चढला. "आपलं काम एका वेळी एकच कोअर करतो. बाकीचे नुसते बसलेत. ते असले काय, नसले काय, फरक नाही."

मालकांनी पडद्याकडं बघितलं, मोबाईलवरच्या वेळेकडं बघितलं. "म्हंजे खरं काम करनारा एकच?"

"एकच."

"आन् बाकीचे बसून खातेत? वीज बी खातेत?"

"हो की."

त्यांनी मान वळवली आणि अक्काकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून, अगदी समजूतदारपणे, मला शाबासकी दिल्यासारखं म्हणाले, "मंग मी येगळं काय सांगतोय, बाई? चौघी बसत व्हता, काम कोन करत व्हतं? एकच की. आता तर तुमीच दाखवलं."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी उठून उभी राहिले. "तसं नव्हे मालक, माणसाचं आणि कोअरचं..." पण ते खुर्ची ढकलून उठले होते. जाताना म्हणाले, "ते बंद केल्यालं चालू करून ठिवा. दुपारी पाव्हनं येनारेत."

अक्का खुर्चीतनं हलली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "झालं गं तुझं दाखवून?" रागानं नाही म्हणाली, आणि त्यानंच मला जास्त लागलं. महिनाअखेरीला तिनं ड्रॉवर रिकामा केला, एक कंगवा आणि चष्म्याची डबी घेतली आणि गेली. कुणी निरोप दिला नाही. मी फाटकापर्यंत गेले, तर तिथं वॉचमनची गाडी आडवी लावलेली, ती हलवण्यातच आमचं बोलणं गेलं.

पुढं व्हायचं तेच झालं. लग्नसराई आली, हॉटेलांच्या मागण्या आल्या, आणि खोलीत मी एकटी. मालक सात डिझाइनं एकदम मागायला लागले. मी म्हटलं, एक होईल. "सोळा हायेत की," मालक म्हणाले. मी म्हटलं, "मग त्या सोळांना सांगा." त्यावर पाय आपटत निघून गेले. मला वाटलं, आता तरी अक्काला बोलावतील. बोलावतील आणि खुर्चीत बसवतील, कबूल करणार नाहीत, पण बसवतील. मी तिची खुर्ची पुसूनही ठेवली होती.

बोलावलं. पण खुर्चीत नाही. कोपऱ्यात धूळ खात पडलेले जुने कॉम्प्युटर एक दिवस टेम्पोत चढले. एक अक्काच्या घरी गेला, एक झेरॉक्सच्या दुकानातल्या पोरीकडं, तिसरा लग्न होऊन वळसंगला गेलेल्या पोरीकडं. पगार नाही, नग. एक डिझाइन म्हणजे एक नग. पास झालं तर पैसे, नापास झालं तर परत करायचं, त्याचे पैसे नाहीत. वीज त्यांची, पंखा त्यांचा. पास-नापास ठरवणार मी, कारण मी इंजिनियर.

मालक आता हे पाहुण्यांना सांगतात. मागं हात बांधून, त्या डब्यापुढं उभं राहून. "काम वाटून द्यायचं. चार ठिकानी चार कॉम्प्युटर, एकाच वक्ताला. आमच्या इंजिनेर बाईंनीच शिकवलं. ह्येला मल्टिकोअर म्हंत्यात." पाहुणे माना डोलावतात. आणि सगळ्यात किळस येते ती याची, की तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे. वेगवेगळी डिझाइनं, वेगवेगळ्या मशीनवर, कुणी कुणासाठी थांबत नाही. हेच मी त्यांना सांगत होते. खोली होती तेव्हाही हेच होत होतं, फक्त तेव्हा चार पगार जायचे.

अक्का हो म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. म्हणाली. मुलीचं शेवटचं वर्ष होतं.

पहिली फाईल आली ती मोराच्या चादरीची. मी उघडली. पिसाऱ्याच्या कडेला दोन ठिकाणी धागे लांब सुटलेले होते. घरात वीज जात असणार, मध्येच थांबून पुन्हा सुरू केलं असणार. किरकोळ चूक. पूर्वी असं असलं की ती शेजारच्या खुर्चीतनं ओरडायची, "ए, बघ गं जरा हितं," आणि मी वाकून दोन मिनिटांत नीट करून द्यायचे. मी तसंच केलं, आपल्या हातानं दुरुस्त केलं. तेवढ्यात फोन वाजला. तिचाच.

"मॅडम, फाईल पोचली का?"

मला वाटलं, चेष्टा करतेय. "अक्का," मी म्हटलं, "मॅडम काय? मी आहे गं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "पास हाय का तेवढं सांगा."